चार नंबरची कुंडी

आक्का, चार नंबरच्या कुंडीला फूल आलं.

एवढं पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण वाट बघत बसणं तुला कधीच जमलं नाही. बाकीच्या पाच कुंड्यांना दरवर्षीसारखी नुसती पानं आहेत, हिरवीगार, तकतकीत, आणि फुलाचं नाव नाही. चार नंबरला मात्र एक कळी धरली आणि गेल्या आठवड्यात ती उमलली. रंग कुठला ते इतक्यात सांगणार नाही. त्या रंगावरून आपण सहा वर्षं भांडलो, तेव्हा तो मी माझ्या सवडीनं सांगेन.

तुला जाऊन दोन महिने होऊन गेले. परवा दाजी म्हणाले, "बाळू, तिच्याशी काय बोलायचं ते कागदावर लिव्ह. मशिनपाशी एकटाच बोलत आसतूस म्हणं." हे त्यांना आमच्या कोल्ड स्टोरेजच्या वॉचमननं, ज्ञानूतात्यांनी सांगितलं असणार. खरं आहे, मी बोलतो. तीस वर्षं द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजवर मशिन सांभाळलं, मीटरवर जेवढं दिसतं तेवढंच मानलं, आणि आता कॉम्प्रेसरच्या आवाजाआडून तुझ्याशी तावातावानं भांडत असतो.

पण लिहायला बसणं जमत नव्हतं, कारण आपला अबोला होता. महिनाभर तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस आणि भोगीच्या सकाळी निघूनच गेलीस. माझ्यावर चिडलेली असतानाच गेलीस का, एवढंच मला कळायला हवं होतं. भेटायला आलेले लोक खूप काय काय बोलले. पण हे त्यांतल्या कुणाला विचारणार होतो?

तू हिमाचलला गेलीस ती सफरचंदाच्या बागा बघायला. शेतकऱ्यांचा अभ्यास दौरा निघाला होता, तुझ्या सासरच्या, डाळजच्या चार बायका होत्या, त्यांत तुझी रोपवाटिका म्हणून तुझं नाव पहिलं. सगळ्या शाली घेऊन परतल्या. तू वर्तमानपत्रात गुंडाळलेली सहा मुळं घेऊन आलीस. वाकडीतिकडी, रताळ्यासारखी, शेंड्याला तांबूस डोळे असलेली. एसटीतून उतरल्या उतरल्या पिशवी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "पिवनी हाय. एकदा फुलली की शंभर वर्सं जगती म्हणं. हळू धर."

मुळांबरोबर नावांच्या चिठ्ठ्या होत्या. फेस्टिव्हा मॅक्सिमा, बोल ऑफ ब्युटी, कोरल चार्म आणि आणखी तीन. मी वाचून दाखवली तशी हसलीस. "फुलांची नावं म्हणायची का औषदांची?" मग त्या नर्सरीवाल्यानं दिलेलं चित्रांचं पुस्तक मांडीवर घेऊन तू सगळ्यांचं नव्यानं बारसं केलंस. एकेरी पाकळ्यांची गुलाबी, मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका, ती 'पोर'. बाहेर गुलाबी पाकळ्यांची परात आणि आत साईच्या रंगाच्या बारीक पट्ट्यांचा ढीग, ती 'शेवया'. पाकळ्यांचा एक फेर आणि त्यावर टम्म फुगलेला गोळा, तो 'लाडू'. गर्द लाल, इतकी भरगच्च की आतले केसर दिसतच नाहीत, ती 'सवाष्ण'. पोवळ्याच्या रंगाची, दोन-तीन फेरांची, मोठ्या वाटीसारखी उघडणारी, ती 'पोवळं'. आणि सहावी पांढरीशुभ्र, दाट पाकळ्यांची, जिच्या मधोमध लाल ठिपके असतात. त्या चित्रावर तू किती वेळ बोट ठेवून बसली होतीस. "पांढऱ्यावर कुंकवाचं थेंब," म्हणालीस. तिला नाव ठेवलं नाहीस. "ती माझी," एवढंच म्हणालीस.

तुझी पिवनी म्हणजे पिओनी, थंड मुलखातलं फूलझाड, तिला कडाक्याची थंडी लागते. आपल्याकडं थंडी म्हणजे पहाटेपुरता स्वेटर. पण तुझं लगेच ठरलं होतं. "द्राक्षं यायच्या आदी तुझी खोली रिकामीच आसती न्हवं?" मालकांना मी भीत भीत विचारलं, तेही हसून हो म्हणाले. म्हणून सहा वर्षं दिवाळी झाली की सहा कुंड्या टेम्पोत घालून इंदापूरला यायच्या आणि तीन नंबरच्या चेंबरमध्ये बसायच्या. बाहेर लोक घामेजलेले असायचे आणि आत मी तुझ्यासाठी दोन डिग्रीचा हिवाळा लावून ठेवायचो. संक्रांत झाली, द्राक्षाचे क्रेट यायला लागले, की कुंड्या परत डाळजला तुझ्या शेडनेटमध्ये. उन्हाळ्यात ओली पोती गुंडाळून तू त्या कशा जगवल्यास ते तुझं तुलाच माहीत.

तीन नंबर मला कधीच आवडलं नाही, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. रिकामं चेंबर भरलेल्यापेक्षा वेगळं वाजतं. पंख्याचा आवाज भिंतीला लागून परत येतो आणि आपल्या पाठीमागं कुणीतरी श्वास घेतंय असं वाटतं. जाड दार आपोआप लागतं. आत अडकलेल्या माणसासाठी दाराशी बेलचं बटण असतं, ते दाबलं की बाहेर माझ्या पॅनलवर घंटा वाजते. तुला आतला दांडा ओढवायचा नाही, म्हणून कुंड्या बघून झाल्या की तू बटण दाबायचीस. एकदा, आणि मी उठायच्या आतच दुसऱ्यांदा. दर गुरुवारी ती दोनदा वाजणारी घंटा ऐकली की मी चहा सांगायचो.

पहिल्या वर्षी कुंड्या बाहेर काढल्यावर मातीतून कोंब आले ते आठवतात? लालभडक, जाड, वर निमुळते. मेलेल्या माणसानं खालून बोटं वर काढावीत तसे. दाजी सकाळी पाणी घालायला गेले आणि झारी टाकून परत आले. तू पोट धरून हसलीस. त्या कोंबांची पानं झाली. फूल आलं नाही. दुसऱ्या वर्षी नाही, तिसऱ्या वर्षी नाही.

का नाही, ते मला तिसऱ्या वर्षीच कळलं होतं. मोबाइलवर वाचलं होतं, त्या पुस्तकातही बारीक अक्षरात होतं. पिओनीचा डोळा मातीत दोन बोटांपेक्षा खोल गेला की झाड वाढतं, पण फुलत नाही. आणि तू त्यावर वीतभर माती लावायचीस. वर दर गुरुवारी येऊन आणखी एक ओंजळ. कारण आपण कन्हेरीची उसाची पोरं. आबांच्या मागं सरीतून चालत बेणं पुरलेलं, डोळा उघडा राहिला तर पाठीत धपाटा खाल्लेला. पुढं ऊस उठला की त्याला भर, मग बांधणी. झाडाच्या पायाशी माती ओढायची म्हणजे त्याचं भलं करायचं, हे आपल्या हाडात मुरलेलं. मी किती वेळा सांगितलं, आक्का, हा ऊस नाही. तू म्हणायचीस, "उगडा डोळा मला बघवत न्हाय. गार वाऱ्यानं जळंल त्यो." आणि तळहातानं माती थापायचीस. तुझी करंगळी लहानपणी गुऱ्हाळात मोडलेली, ती वळायची नाही, अंगठाही तू वरच धरायचीस. त्यामुळं मातीवर तुझ्या तीनच बोटांचे ठसे उठायचे.

दुसरं भांडण चार नंबरचं. चेंबरच्या ओलीनं पहिल्याच वर्षी चिठ्ठ्यांची शाई फुटली, म्हणून कुंड्यांवर चुन्यानं आकडे टाकले. कुठल्या कुंडीत काय ते फूल आल्याशिवाय कळायचं नव्हतं. पाचांवर आपलं एकमत होतं ते केवळ आळसानं. चार नंबरवर मात्र तू हटून बसलीस की हीच ती पांढरी, थेंबवाली. मी म्हणायचो, पोवळं आहे. मला पुरावा काही नव्हता. तू एवढ्या खात्रीनं बोलायचीस म्हणून मला उलट बोलावंसं वाटायचं, एवढंच. "फुलू दी, मग बोल," म्हणायचीस. आणि पुन्हा त्याच कुंडीवर सगळ्यांत जास्त माती घालायचीस.

ह्या डिसेंबरात मी ते केलं. दत्तजयंतीच्या आधी एका बुधवारी तीन नंबरमध्ये गेलो आणि सहाच्या सहा कुंड्यांची वरची माती काढली. डोळे दिसेपर्यंत. फुगलेले, लालबुंद, ओले. खरं सांगतो, मलाही ते बघवेनात. सहा कुंड्यांतून बावीस-पंचवीस डोळे माझ्याकडं बघतायत असं वाटलं आणि मी पटकन बाहेर आलो. वाटलं होतं, एवढ्या वर्षी फुलू दे, मग सांगू.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता हे माझ्या डोक्यातच राहिलं नाही. घंटा दोनदा नाही, सलग वाजत राहिली आणि मी दाराशी पोचेपर्यंत थांबली. दार उघडलं तर तू कुंड्यांपाशी उकिडवी बसून दोन्ही हातांनी माती ओढत होतीस, कुडकुडत.

"कुनी केलं हे?"

"मी केलं. आक्का, ऐक तरी—"

"मला इचारलंस? सा वर्सं लेकरावानी झाकून ठेवली मी. तू उगडी पाडलीस."

"तू झाकतेस म्हणूनच फुलत नाहीत! तुझ्याच हातानं तू त्यांचं वाटोळं केलंस."

हे मी बोललो. शब्द न् शब्द आठवतो. तू वर बघितलंस, सहाव्या कुंडीवर माती थापलीस, हात पदराला पुसलेस आणि चहा न घेता एसटी स्टँडवर गेलीस. त्या दिवसापासून फोन केला की दाजी उचलायचे. मीही हट्टाला पेटलो. तीन नंबरचं दार पुन्हा उघडलं नाही. आतली डिग्री बाहेरच्या मीटरवर बघायची आणि पुढं जायचं.

मी थांबलो होतो तुझ्या खाऊची वाट बघत. आपल्या आईनं ठरवून दिलेली रीत होती ती. कन्हेरीत आपला अबोला झाला की जेवायलाही दोघं पाठ करून बसायचो. आई म्हणायची, एकानं काहीतरी गोड न बोलता दुसऱ्याच्या जागी ठेवायचं आणि दुसऱ्यानं ते खाऊन 'तुझं खरं' म्हणायचं. मग भांडण संपलं. तू चौथीत होतीस तेव्हा आठ दिवसांच्या अबोल्यानंतर माझ्या दप्तरात गुळाचा खडा ठेवला होतास, पाटीला मुंग्या लागल्या होत्या. मी गूळ खाल्ला आणि 'तुझं खरं' म्हटलंच नाही. पुढंही कधी नाही. दर वेळी गोड तू ठेवायचीस आणि मी खाऊन पळायचो. पन्नाशी उलटली तरी मी तसाच बसलो होतो, आयता.

भोगीला सकाळी दाजींचा फोन आला. मी पोचलो तेव्हा तू शेडनेटमध्ये गुलाबाच्या वाफ्याशी होतीस, कलमाचा डोळा भरायचा चाकू बाजूला, प्लास्टिकच्या पट्ट्या मांडीवर. तुझे डोळे अर्धे उघडे होते. ते मीच मिटले. त्यापुढचं मला सांगता येत नाही.

दहाव्याला नरसिंहपूरला गेलो. नीरा आणि भीमा जिथं मिळतात तिथं घाटावर पिंड ठेवला. मी मनातून तयार होतो. कावळा शिवणार नाही, तासभर खोळंबायला होईल, लोक एकेक कबूल करतील, रोपवाटिका चालवू, दाजींना सांभाळू, आणि मग मला पुढं होऊन सगळ्यांदेखत बोलावं लागेल की आक्का, मी चुकलो. ते वाक्य मी गाडीत चार वेळा घोकलं होतं. पण आम्ही चार पावलं मागं सरतोय तोवर कावळा आला. एकच. पिंडावर बसला, खाल्लं, माझ्याकडं मान वाकडी करून बघितलं आणि नदीवर उडाला. सगळे म्हणाले, सुटली बाई, काही मागं ठेवलं नाही.

मला तिथं रडू फुटलं. लोकांना वाटलं, मोकळा झाला. अगं, मला राग आला होता. काहीच राहिलं नव्हतं तुझं? माझ्याशी बोलायचंसुद्धा नव्हतं? महिनाभराचा अबोला, आणि तुला तो सोडून जाताना इतकंही जड वाटू नये? 

तेरावं झालं आणि मी कामावर गेलो. दुसऱ्या दिवसापासून द्राक्षं यायची होती. दुपारचे बारा-साडेबारा झाले असतील, आवारात चिटपाखरू नव्हतं. मी पॅनलपाशी डबा उघडला आणि घंटा वाजली. एकदा. मी उठायच्या आत दुसऱ्यांदा.

तीन नंबरचा दिवा लागला होता.

मी मशिनचा माणूस. ओल धरली की वायर एकमेकींना चिकटतात, घंटा वाजते, हे मी दहा जणांना समजावून सांगितलेलं आहे. तेच स्वतःला सांगत दारापाशी गेलो. दांड्याला हात लावला आणि तो ओढायला मला बराच वेळ लागला, कारण मी आत ऐकत होतो. पंखा होता. पंख्याखाली आणखी काही असेल तर ते मला ऐकू आलं नाही. उघडलं. आत कुणी नव्हतं. दोन डिग्रीच्या खोलीला वास नसतो, नाक बधिर होतं. पण तिथं मातीचा वास होता, नुकत्या उकरलेल्या ओल्या मातीचा.

पाच कुंड्या तू थापून गेलीस तशाच होत्या. चार नंबरची माती बाजूला सारलेली होती. डोळे उघडे होते, चार, लाल. आणि मातीत आतून बाहेर ओढलेल्या बोटांच्या रेघा होत्या. मी बसून मोजल्या. तीन होत्या.

मी बाहेर आलो, दार लावलं आणि ज्ञानूतात्यांना गाठलं. किल्ल्यांचा जुडगा त्यांच्याच कमरेला असतो. ते दहा-बारा दिवस मुलीकडं जाऊन त्याच सकाळी परतले होते, त्यांच्या कानावर अजून काही गेलं नव्हतं.

"तात्या, तीन नंबरात कोण गेलं होतं?"

"कोन जानार? तुमच्या आक्काच."

"कधी?"

"संक्रातीच्या दिशी की. काळं लुगडं नेसल्या हुत्या. मला तिळगूळ दिला, कुलूप काडाय लावलं. म्या म्हणलं, बाळूभाऊ न्हाईत आज. तर म्हणल्या, ठाव हाय मला. त्येच्या मागनं मी मुलीकडं ग्येलो."

"तात्या, आक्का भोगीला गेली. आदल्या दिवशी."

तात्यांनी तंबाखूची डबी काढली होती. ती उघडली नाही, परत खिशात ठेवली. म्हणाले, "मग म्हागल्या वर्साचं आसंल माझ्या ध्यानात. वय झालं." आणि मग माझ्याकडं न बघता, "पर भाऊ, त्या बोलल्या न्हाईत जास्त. हात लई गार हुता."

मागच्या वर्षी संक्रांतीला तू आली होतीस, हे खरं आहे. तात्यांना तिळगूळही दिला होतास. एवढ्यावर मी ते मिटवलं. बटण बदललं, वायर बदलली. घंटा परत वाजली नाही. ती वाजावी म्हणून मी किती दिवस डबा उघडून बसलो, ते तुला सांगायला लाज वाटते.

महिनाअखेरीला कुंड्या डाळजला आणल्या आणि तुझ्या जागी, तुझ्या क्रमानं मांडल्या. बाकी पाचांवरची माती काढायला माझा हात धजला नाही. तू थापलेली होती, तुझे ठसे होते. चार नंबरवर पुन्हा माती घालायलाही धजला नाही. तुझं जे जसं होतं तसं राहू दिलं. आठवड्यात लाल कोंब आले. ह्या वेळी दाजी झारी घेऊन तिथंच उभे राहिले, परत फिरले नाहीत.

मग मुंग्या आल्या. बारीक, तांबड्या, रांग लावून, चार नंबरलाच. मला बरं वाटलं, कारण पिओनीच्या कळीवर गोड रस पाझरतो आणि त्याला मुंग्या येतात, हे मी वाचलं होतं. दाजींना मोठ्या ऐटीत सांगितलंही. ते म्हणाले, "पर कळी कुटं हाय?"

कळी नव्हतीच. नुसते बोटभर कोंब. मुंग्या कोंबावर चढतही नव्हत्या, कुंडीच्या काठाखालून आत जात होत्या. मी कुंडी कलती केली. कड आणि माती यांच्या फटीत वर्तमानपत्राचा एक पुडा दाबून बसवलेला होता. त्याला बांधलेली पट्टी गुलाबाला डोळा भरताना तू बांधायचीस तीच होती, आणि गाठही तुझीच, दोन वेढे आणि शेवट आत खोचलेला. पुड्यात तिळगुळाचे दोन लाडू होते. एक मुंग्यांनी निम्मा नेला होता.

दाजी खाली बसले. मी विचारलं, लाडू कधी केले होते तिनं? ते म्हणाले, "भोगीच्या आदल्या सांजंला वळलं. डबा भरला. सकाळी ही आशी गेली. त्या आटवड्यात ती घराभायेर पडली न्हाय, बाळू." मी म्हटलं, दाजी, दुःखात माणसाचे दिवस इकडंतिकडं होतात. ते म्हणाले, व्हय, होत आसतील. दोघांनीही तो विषय परत काढला नाही.

मला दिवस नकोत, आक्का. तू आधी येऊन गेली असशील, नंतर आली असशील. मी हिशेब लावणार नाही. मला एवढंच कळलं की सहांतल्या एका कुंडीवर, आपल्या भांडणाच्या कुंडीवर, तू तुझ्या हातानं माझं म्हणणं करून बघितलंस, आणि गोड ठेवलंस. नरसिंहपूरचा कावळा का थांबला नाही ते तेव्हा कळलं. तुझ्याकडचं सगळं देऊन झालं होतं. थकबाकी माझीच होती. दुसरा लाडू, मुंग्यांनी धरला नव्हता तो, मी तिथं उभ्यानं खाल्ला. मातीसकट. आणि जे म्हणायचं ते तेव्हाही मला म्हणता आलं नाही. पन्नास वर्षांची खोड आहे.

पुढं कळी आली. गोटीएवढी, टणक, मग लिंबाएवढी. गेल्या सोमवारी सकाळी दाजींनी फोन केला, "ये." मी तडक गेलो. फूल उमललं होतं. माझी ओंजळ भरेल एवढं, वाटीसारखं, आत पिवळे केसर. आणि रंग पोवळ्याचा. कोरल चार्म. माझं खरं ठरलं होतं.

खोटं कशाला बोलू, पहिल्या क्षणी मला आनंद झाला. मान वळवून तुला सांगायला गेलो आणि मागं दाजी होते. मग तिथं उभं राहवेना. सहा वर्षांचं भांडण जिंकलो होतो आणि हरायला समोर कुणी नव्हतं.

मंगळवारी ते जरा फिकं वाटलं. उन्हानं असेल म्हणून वर आणखी एक जाळी टाकली. बुधवारी पोवळं जाऊन पिकल्या पपईचा रंग आला, संध्याकाळी त्याहून फिका. मी दाजींना म्हटलं, सुकतंय. ते म्हणाले, "सुकत न्हाय. पाकळ्या बघ की, ताठ हायत." खरंच ताठ होत्या. पुस्तकात पोवळ्याचं एकच चित्र होतं, पहिल्या दिवसाचं. त्यात हे नव्हतं. गुरुवारी सकाळी मी सुट्टी टाकून कुंडीपाशी बसून राहिलो आणि डोळ्यांदेखत उरलासुरला रंग कुठंतरी निघून गेला. दुपारी, तू बेल वाजवायचीस त्या वेळेला, फूल पांढरं होतं.

पांढरंच. सायीपेक्षाही पांढरं. मी लांबूनच म्हटलं, बरं, पांढरं तर पांढरं, पण तुझे ते कुंकवाचे थेंब कुठंत? एवढं तरी माझं राहू दे.

मग वाकून बघितलं. मधोमध, पाकळ्यांच्या कडांना, लाल ठिपके होते. सात-आठ. मी आणखी जवळ गेलो, तेव्हा ते हलले. तुझ्या लाडवाच्या मुंग्या होत्या.

दाजी मागून म्हणाले, "काय रं, काय दिसतं?"

मी त्यांना उत्तर दिलं नाही. तुलाच दिलं, मोठ्यानं, शेडनेटमध्ये पाणी द्यायला आलेल्या बायका वळून बघतील इतक्या मोठ्यानं. तुझं खरं, आक्का. तुझं खरं.